समुद्राचा मासा ओळखावा कसा?

आमचे बदनापूर समुद्रापासून फार लांब. सरळ रेघ ओढली तरी तीनशे किलोमीटरांच्या वर भरते. आमची नदी दुधना. उन्हाळ्यात तिच्यात पाणीच राहत नाही, मग मासे कुठले? सोमठाण्याचे धरण भरले, तर रोहू, कटला, मरळ असले मासे बाजारात दिसतात. ते आपल्या ओळखीचे. पण समुद्राचा मासा म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना दोनच नावे ठाऊक. एक सुकट, दुसरे बोंबील. दोन्ही वाळलेले.

आता दिवस बदलले. पापलेट, सुरमई, बांगडा हे मासे बर्फाच्या पेटीतून जालन्यापर्यंत येतात. आपली पोरे मुंबईला, पनवेलला कामाला जातात. कोणी देवाला म्हणून कोकणात जातो, कोणी सहलीला. तिथे वाळूवर मासा पडलेला दिसतो. माणसाला वाटते, फुकटचा आहे, घ्यावा उचलून. पण असा मासा जिवावर बेतू शकतो. आमच्यावर तशी वेळ आली होती. ती गोष्ट आधी सांगतो.

२००६ सालचा जानेवारी महिना. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक होतो. नववीच्या मुलांची सहल घेऊन कोकणात गेलो होतो. दापोली तालुक्यात हर्णै नावाचे बंदर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला. मुलांना किल्ला दाखवावा, इतिहास सांगावा, हा आमचा बेत. पण मुलांचे लक्ष किल्ल्याकडे कुठले! तिथे संध्याकाळी होड्या परत येतात आणि किनाऱ्यावरच माशांचा लिलाव होतो. होड्यांतला माल आणायला बैलगाड्या सरळ समुद्रात शिरत होत्या. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे! आमची पोरे शेतकऱ्यांची. ती बैलांकडेच बघत राहिली.

तेवढ्यात एक मुलगा पळत आला. त्याच्या टॉवेलात एक मासा होता. कोळी जाळी झटकून गेले होते, तिथे तो वाळूत पडला होता. वीतभर लांब, आणि पोट चेंडूसारखे टम्म फुगलेले. मुलगा म्हणाला, "गुरुजी, जिता हाय अजून. रातच्याला भाजू का?" आमचा मुक्काम एका शाळेत होता. स्वयंपाक आम्हीच करत होतो. आम्ही माशाकडे पाहिले. मासा तो मासा, त्यात काय बघायचे, असे वाटले. आम्ही म्हणालो, "घे. पिशवीत ठेव."

चूक आमची होती. आजही ते आठवले की अंगावर काटा येतो.

शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. वय साठीच्या पुढचे. ती एकदम ओरडली, "ए पोरा, टाक तो! केंड हाय तो! मास्तर, तुमी शिकलेली माणसं, नि पोरांना केंड खायला घालता?"

मुलाने मासा टाकला. बाईने आधी त्याला हात धुवायला लावले. मग काडीने तो मासा उलटा करून दाखवला. तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात, वर दोन आणि खाली दोन. इतर माशांसारखे खवले नाहीत. पोटावर बारीक काटे. याला डिवचले की हा पाणी नाही तर हवा गिळतो आणि पोट फुगवतो. फुगला की शत्रूला गिळता येत नाही. बाई म्हणाली, "चोच बघून ठेवा. चोच दिसली की उचलायचा नाय."

केंडाच्या कलेजीत, अंड्यांत आणि पुष्कळदा कातडीतही जबर विष असते. शिजवा, तळा, मीठ लावून वाळवा, ते विष जात नाही. खाल्ल्यावर आधी ओठ आणि जीभ बधिर होतात. मुंग्या येतात. मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास अडतो. माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला बोलता येत नाही. या विषावर उताऱ्याचे औषध नाही. दवाखान्यात यंत्राने श्वास चालू ठेवतात. तोवर विष ओसरले तर माणूस वाचतो. म्हणून ओठ बधिर झाले की घरी वाट पाहू नये, लगेच मोठा दवाखाना गाठावा. जपानात याच कुळातले मासे फुगू या नावाने खातात. पण तिथे तो कापायला आचाऱ्याला वेगळे शिकावे लागते आणि परवाना घ्यावा लागतो. आपण त्या भानगडीत पडू नये.

आमची मान खाली गेली होती. बाईच्या ते ध्यानात आले असावे. ती म्हणाली, "बसा मास्तर. सांगते." लिलावाचा गलबला चालूच होता. मुले गोल करून बसली. बाईने टोपलीतला एकेक मासा पुढे ठेवला आणि आम्ही वही काढली. तिला अक्षर येत नव्हते. आम्ही एक नाव लिहिले की ती विचारी, "काय लिवलंत? वाचा." वाचले की मान हलवी, मगच पुढचा मासा. ती वही आमच्याजवळ अजून आहे. पुढे आम्ही पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांकडून आणखी माहिती काढली. ती सगळी इथे देत आहो.

बाजारात बैल घ्यायचा तर आपण काय बघतो? नुसता रंग बघत नाही. शिंगे बघतो, खूर बघतो, दात मोजतो. देवणी कोणता आणि लाल कंधारी कोणता, हे लांबून सांगतो. माशाचेही तसेच. मेल्यावर माशाचा रंग उतरतो, बर्फात आणखी उतरतो. म्हणून रंगावर भरवसा ठेवू नये. तोंड, पाठ, पोट आणि शेपूट या चार जागा पाहाव्यात. माशाच्या अंगाला पंखासारखे पडदे असतात, त्यांना पर म्हणतात. पाठीवर पर किती आहेत ते मोजावे. गालाजवळ झाकण असते. त्याच्या आत कल्ले असतात. माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो.

आता बांगडा आणि तारली घ्या. दोन्ही हातभर नव्हेत, वीतभर. दोन्ही चकचकीत. नवखा माणूस फसतो. तारलीच्या पाठीवर एकच पर असतो. पोटाखालून बोट उलटे फिरवले तर करवतीसारखे खरखरीत लागते. खवले मोठे, हात लावताच गळतात. बांगड्याच्या पाठीवर पर दोन. त्यांच्या मागे शेपटापर्यंत, वर आणि खाली, बारीक बारीक तुरे असतात. पाठ हिरवट निळी, तिच्यावर काळपट रेघा नि ठिपके. शेपूट कात्रीसारखे दुभंगलेले. ते तुरे एकदा पाहिले की माणूस बांगडा विसरत नाही.

तुरे सुरमईलाही असतात. पण सुरमई लांब, सडपातळ आणि पुष्कळ मोठी. दात धारदार. एका जातीच्या अंगावर उभे पट्टे असतात, दुसरीच्या अंगावर ठिपके. सुरमई बहुधा तुकडे करून विकतात आणि लबाडी तिथेच होते. कुप्याचे तुकडे सुरमई म्हणून देतात. कुप्याचे मांस लालभडक, सुरमईचे फिके. तेव्हा तुकडे आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावेत. डोके आणि शेपूट बघायला मागावे. विकणारा नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे.

पापलेट कोणीही ओळखील. पोळपाटासारखा चपटा, चंदेरी, तोंड एवढेसे. पोटाखाली बहुतेक माशांना परांची एक जोडी असते, ती पापलेटाला नसते. शेपटाची खालची फाक वरच्या फाकेपेक्षा लांब. त्याच्यासारखाच दिसणारा, पण काळपट असा दुसरा मासा म्हणजे हलवा. शेपटाच्या बुडाशी बाजूने बोट फिरवावे. हलव्याला तिथे खरखरीत कंगोरा लागतो, पापलेटाला लागत नाही. हलवा खायला चांगलाच असतो. पण भाव पापलेटाचा द्यावा आणि घरी हलवा न्यावा, असे नको.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने चंदेरी पापलेटाला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. त्याच साली ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबीही ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा धरू नये, असा नियम झाला. कारण उघड आहे. बियाणे दळून खाल्ले तर पेरायचे काय? तळहाताएवढी पापलेटे टोपलीभर दिसली, तर ती पिल्ले आहेत हे समजा.

रावस ओळखायला सोपा. छातीच्या पराखाली चार मोकळे धागे लोंबतात. गढूळ पाण्यात त्या धाग्यांनी तो चाचपत चाचपत खाणे शोधतो, जसा आंधळा काठीने वाट शोधतो. नाक पुढे आणि तोंड खाली असते.

घोळ मासा मोठा, तांबूस झाक असलेला. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. तिला भोत म्हणतात. ती परदेशात फार महाग विकते. २०२१ साली पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका नावेला एकाच फेरीत दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि त्यांचे एक कोटीच्या वर रुपये आले, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. घोळीचे धाकटे भाऊबंद म्हणजे ढोमे. ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात. पोरांना वाटते, माशाने खडे गिळले. ते खडे नव्हेत, माशाच्या कानातली हाडे आहेत. झाडाच्या खोडात असतात तशी त्यांच्यात वर्तुळे असतात. जाणते लोक ती मोजून माशाचे वय सांगतात!

आता आपला बोंबील. वाळलेला बोंबील आपण काडीसारखा पाहतो. ओला बोंबील पाहिला तर ओळखू येणार नाही. गुलाबी पांढरा, लिबलिबीत, हातातून निसटणारा. जबडा केवढा मोठा आणि त्यात सुईसारखे दात. शेपटाला तीन टोके, ही त्याची खास खूण. ओल्या बोंबलात शंभर भागांतले नव्वदाच्या आसपास भाग पाणीच असते. म्हणून तो वाळला की काडी होतो. मुंबई, पालघर, रायगडकडे डोल नावाच्या जाळ्यात तो सापडतो. डोल म्हणजे लांबच लांब पिशवी. भरतीओहोटीच्या ओढीसमोर तिचे तोंड उघडे बांधून ठेवतात. पाण्याबरोबर मासा आपोआप आत येतो. मग बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टांगतात, अगदी आपण मक्याची कणसे टांगतो तशी. आणि सुकट? सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो मासाच नव्हे. ते कोळंबीच्या कुळातले बारीक जीव. नीट पाहिले तर पाय आणि मिशा दिसतात.

एवढे बाजाराचे झाले. आता समजा, तुम्ही किनाऱ्यावर गेलात आणि गुडघाभर पाण्यात उतरलात. तिथे काठाजवळ काय असते?

खाडीच्या तोंडाशी बोयांचे थवे असतात. बोय करड्या रंगाची, पाण्याबाहेर टणाटण उड्या मारते. वाळूत मुडदुशे असतात, निमुळत्या तोंडाचे, चवीला फार गोड. तळाशी लेप असतो. भाकरी थापून ठेवावी तसा तो वाळूवर पडून राहतो. लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पिलू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखेच, दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याजवळ येतो. हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा ती हसली, खोटे वाटले त्यांना. बाईने टोपलीतला लेप काढून दाखवला, तेव्हा गप्प झाली.

या तिघांचे भय नाही. भय आहे ते पुढच्यांचे.

शिंगाळ्याला मांजरासारख्या मिशा असतात. आपल्या गोदावरीतल्या शिंगट्याचा हा समुद्रातला सोयरा. पाठीवर एक आणि छातीला दोन असे तीन काटे ताठ उभे राहतात. त्यांना विष असते. मेलेल्या शिंगाळ्याचा काटासुद्धा लागतो, तेव्हा वाळूत पडलेला दिसला तर वळसा घालावा. याची एक मौज सांगण्यासारखी आहे. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत काही खात नाही.

पाकट मासा परातीसारखा पसरट. काही ठिकाणी त्याला वागळी म्हणतात. डोळे वर, तोंड खाली, शेपूट चाबकासारखे. शेपटावर करवती काटा असतो, विषारी. पाकट उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडतो. तो होऊन कोणाच्या अंगावर येत नाही. पण त्याच्यावर पाय पडला की शेपटाचा तडाखा बसतो. २०१३ सालच्या सप्टेंबरात गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू होते. पन्नासाहून जास्त माणसांच्या पायांना दंश झाले. लोक आधी म्हणाले, जेलीफिश चावली. नंतर जाणत्यांनी जखमा आणि मासे पाहून सांगितले, हे पाकटाचे काम. पाण्यात एवढे पाय, आणि खाली वाळूत पाकटे! म्हणून समुद्राच्या पाण्यात पाय उचलून टाकू नये, वाळूवरून घसटत न्यावा. पाकटाला चाहूल लागते आणि तो निघून जातो.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर काय करावे? जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या धडधाकट माणसाने हात घालून पाहावे. ज्याला दंश झाला त्याला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. जखम तोंडाने चोखू नये, तंबाखू-चुना भरू नये. काटा आत मोडून राहतो, म्हणून दवाखान्यात जावेच. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर तो उपटू नये, तसेच दवाखान्यात न्यावे.

कधी जाळ्यातून वाळूवर सापासारखे काही पडते. वाम असेल म्हणून आपण हात घालायला जातो. थांबावे. शेपूट वल्ह्यासारखे चपटे आहे आणि अंगावर सापासारखे खवले आहेत, तर तो समुद्रसाप. तो विषारी असतो. मेला असे वाटले तरी हात लावू नये.

आता पुन्हा आपल्या बाजारात येऊ. समुद्र इतका लांब, तेव्हा मासा इथे येईतो दोन-तीन दिवस जातातच. जून-जुलैत तर आपल्या राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोणी "आजचाच आहे, ताजा आहे" म्हणाला तर हसून पुढे जावे. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ असतात. शिळ्याचे आत गेलेले, धुरकट. झाकण उचलून कल्ले पाहावेत. लाल असावेत, तपकिरी किंवा चिकट नसावेत. मांसावर बोट दाबावे. खड्डा भरून आला तर बरे, तसाच राहिला तर नको.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत आणखी जपावे. बर्फ कमी पडला आणि मासा तापला, तर त्यात एक विष तयार होते. कधी वासही येत नाही. पुढे कितीही शिजवले तरी ते जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. पुष्कळ जण म्हणतात, मला मासा सोसत नाही. पुष्कळदा दोष माशाच्या जातीचा नसतो, बर्फाचा असतो. एप्रिल-मे महिन्यात आम्ही स्वतः बांगडा घेतच नाही. घरची मंडळी कुरकुर करतात, करू देत.

त्यापेक्षा आपला वाळलेला बोंबील बरा. तोही पाहून घ्यावा. वाकवला की कडकन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर ओल राहिली आहे, घरी नेल्यावर बुरशी धरील. टोपलीच्या तळाचा हातात घेऊन झटकावा. पीठ गळले तर किडा लागला आहे. मीठ लावलेल्या माशावर गुलाबी चट्टे दिसले तर तो टाकाऊ. घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन द्यावे, मांजरापासून सांभाळावे आणि झाकणाच्या डब्यात भरावे.